निकेलची किमया : रसायनज्ञ पॉल साबात्ये

थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा राजकारणी, संत किंवा वीर यांची. शास्त्रज्ञांच्या वाट्याला आपल्या घरातील पुस्तकांच्या फळीवर फारशी जागा येत नाही. आणि त्यातून तो शास्त्रज्ञ सेंद्रिय रसायनाचा अभ्यासक असेल तर त्याचे नावही आपल्या कानांवर पडत नाही. परंतु काही माणसे अशी असतात की, त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी त्यांचे काम आपल्या घरात, नव्हे आपल्या फोडणीत आणि आपल्या कपाटातील साडीत येऊन बसलेले असते. फ्रान्समधील पॉल साबात्ये हे अशांपैकी एक. वनस्पती तूप ज्या क्रियेने तयार होते ती क्रिया त्यांच्या प्रयोगशाळेतून निघाली. नायलॉनचा धागा ज्या द्रव्यापासून तयार करतात, ते द्रव्य बनविण्याची सुलभ रीतही त्यांचीच. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आपणा भगिनींना त्यांची ओळख असावी, या हेतूने हा अल्पसा परिचय.

पॉल साबात्ये यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी दक्षिण फ्रान्समधील कार्कासॉन या गावी झाला. जुन्या तटबंदीसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. घर मोठे, भावंडे पुष्कळ आणि सांपत्तिक स्थिती बेताची. पॉलच्या अभ्यासाला मदत करता यावी म्हणून त्यांची एक वडील बहीण स्वतः लॅटिन आणि गणित शिकली, असे सांगतात. ज्या काळी मुलींना हे विषय शिकविण्याची कोणाला गरज वाटत नव्हती, त्या काळी धाकट्या भावाला पाठ समजावून देण्यासाठी बहिणीने ते आत्मसात करावेत, ही गोष्ट आपणा सर्वांना विचार करावयास लावणारी आहे. थोरांच्या चरित्रांत अशा बहिणी एका ओळीत येतात आणि जातात. पण पायाचे दगड त्यांनीच घातलेले असतात.

शालेय शिक्षण कार्कासॉन व तुलूज येथे झाल्यावर, १८७४ मध्ये साबात्ये यांनी पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित संस्थेत प्रवेश मिळविला. उत्तम अध्यापक तयार करणारी ही संस्था. तेथून ते १८७७ मध्ये पहिल्या क्रमांकाने बाहेर पडले. एक वर्ष नीम येथील विद्यालयात शिकविल्यावर ते पुन्हा पॅरिसला आले, आणि बर्तलो या त्या काळच्या सर्वांत वजनदार रसायनज्ञाच्या हाताखाली काम करू लागले. १८८० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्या प्रबंधाचा विषय होता गंधक आणि धातूंची गंधकयुक्त संयुगे. पुढे जे कार्य त्यांच्या हातून घडावयाचे होते, त्याच्याशी या विषयाचा तसा काही संबंध नव्हता.

पॅरिस म्हणजे फ्रान्सच्या विद्येचे माहेरघर. नाव कमवावयाचे तर पॅरिसलाच राहिले पाहिजे अशी तेथील समजूत. साबात्ये यांनी मात्र बोर्दो येथे एक वर्ष काढून १८८२ च्या आरंभी तुलूजची वाट धरली. आधी पदार्थविज्ञान, मग रसायन असे अध्यापन करता करता १८८४ मध्ये, वयाची तीस वर्षे पूर्ण होताच, ते तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यानंतर त्यांनी तुलूज सोडले नाही. गारॉन नदीच्या काठचे ते शहर आणि तेथील विद्यार्थी हेच त्यांचे विश्व झाले.

पहिली पंधरा वर्षे त्यांचे संशोधन निरिंद्रिय रसायनातच चालले होते. गंधक, क्लोराइडे, तांब्याची संयुगे असले विषय. काम चोख, पण जगाने मान वळवून पाहावे असे त्यात काही नव्हते. ज्या कामामुळे त्यांचे नाव झाले, ते सुरू झाले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती.

त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. १८९० मध्ये लुडविग मॉन्ड आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, निकेल या धातूवरून कार्बन मोनॉक्साइड हा वायू नेला की दोघांचा संयोग होऊन एक बाष्परूप होणारे संयुग तयार होते. जड धातूने वायूशी अशी सोयरीक करावी ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. साबात्ये यांच्या मनात आले की, कार्बन मोनॉक्साइडशी जे घडते ते इतर वायूंशी का घडू नये? या प्रश्नाच्या मागे ते लागले. या कामात त्यांच्या जोडीला होते सांदरांस हे कॅथलिक धर्मगुरू. ते तुलूजच्याच कॅथलिक संस्थेत रसायन शिकवीत आणि साबात्ये यांच्याबरोबर प्रयोग करीत.

इतक्यात १८९६ मध्ये पॅरिसचे प्रसिद्ध रसायनज्ञ म्वासाँ आणि त्यांचे एक सहकारी यांनी ॲसिटिलीन वायू ताज्या निकेलच्या भुकटीवरून सोडून पाहिला. निकेल तापून लाल झाले, काजळी जमली. त्यापलीकडे त्यांना त्यात विशेष दिसले नाही. साबात्ये यांना ते वृत्त वाचून वेगळीच शंका आली. परंतु दुसऱ्याने धरलेल्या विषयात परस्पर हात घालणे त्यांना प्रशस्त वाटेना. हा प्रयोग आपण पुढे चालविणार आहात काय, अशी त्यांनी म्वासाँ यांच्याकडे आधी विचारणा केली. तसा विचार नाही असे कळल्यावरच त्यांनी काम हाती घेतले. शेजारणीच्या अंगणातील फूलदेखील विचारून तोडावे, ही आपली रीत. विज्ञानातही सभ्य माणसे ती पाळतात.

१८९७ मध्ये साबात्ये आणि सांदरांस यांनी ॲसिटिलीनऐवजी एथिलीन हा वायू घेतला आणि तो सुमारे ३०० अंशांना तापविलेल्या निकेलच्या बारीक भुकटीवरून सोडला. काजळी जमलीच, पण नळीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडलेला वायू त्यांनी टाकून दिला नाही. त्याचे पृथक्करण केले, तेव्हा त्यात एथेन सापडला. एथेन म्हणजे ज्याने आणखी हायड्रोजन सामावून घेतला आहे असे एथिलीनच. हा हायड्रोजन आला कोठून? थोडे एथिलीन फुटले, त्यातील कार्बनची काजळी झाली, आणि मोकळा झालेला हायड्रोजन उरलेल्या एथिलीनला जाऊन मिळाला. ही जुळवाजुळव करणारे निकेलच असले पाहिजे. मग त्यांनी एथिलीनमध्ये बाहेरून हायड्रोजन मिसळून ते मिश्रण निकेलवरून सोडले. थोड्याशा उष्णतेवर सारे एथिलीन एथेन होऊन बाहेर आले. निकेल होते तसेच राहिले, आणि पुन्हा पुन्हा तेच काम करू लागले.

याला उत्प्रेरण म्हणतात. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न सरता दुसऱ्या द्रव्यांतील क्रिया घडवून आणणारे द्रव्य. पुष्कळदा याला विरजणाची उपमा देतात, पण ती तितकीशी जुळत नाही. कारण विरजण सजीव असते आणि दुधात ते स्वतः वाढते. लग्न जमविणाऱ्या मध्यस्थाची उपमा अधिक बरी. दोन घरे एकमेकांना अनोळखी. मध्यस्थ एकाची माहिती जवळ घेतो, दुसऱ्याला देतो, गाठ घालतो, आणि अक्षता पडल्या की पुढच्या घरी जावयास मोकळा होतो. साबात्ये यांचे म्हणणे जवळजवळ असेच होते. निकेल हायड्रोजनशी तात्पुरते, कच्चे संयुग करते; ते संयुग आपला हायड्रोजन दुसऱ्या रेणूला देऊन टाकते; आणि निकेल पुन्हा रिकामे होते. त्यांच्या काळी पुष्कळ विद्वान असे मानीत की, धातूच्या सच्छिद्र अंगात वायू दाबले जातात आणि त्या दाबाने व उष्णतेने क्रिया घडते. साबात्ये यांनी रासायनिक संयोगाचा आग्रह धरला. उत्प्रेरकाने द्रव्याला धरावे, पण इतके घट्ट धरू नये की सोडता येणार नाही. आणि इतके सैलही नव्हे की काही घडणारच नाही. हा विचार पुढे साबात्ये यांचे तत्त्व म्हणून रसायनशास्त्रात रूढ झाला, आणि आजही नवे उत्प्रेरक शोधताना त्याचाच आधार घेतात.

खरी कसोटी १९०१ मध्ये लागली. बेंझीन हा पदार्थ हायड्रोजन स्वीकारण्याच्या बाबतीत मोठा हट्टी. साबात्ये आणि सांदरांस यांनी बेंझीनची वाफ व हायड्रोजन १८० ते २०० अंशांच्या दरम्यान निकेलवरून सोडली, आणि बेंझीनचे सायक्लोहेक्झेन होऊन बाहेर आले. आज नायलॉनच्या धाग्याचा कच्चा माल तयार करताना याच मार्गाने सायक्लोहेक्झेन बनवितात. पुढे नायट्रोबेंझीनपासून ॲनिलीन झाले. १९०२ मध्ये कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायॉक्साइड यांवर हायड्रोजनची क्रिया करून त्यांनी मिथेन व पाणी मिळविले. ही शेवटची क्रिया साबात्ये यांच्याच नावाने ओळखली जाते.

या यशाचे मर्म निकेलच्या स्वस्ताईत होते. हायड्रोजन जोडण्यासाठी प्लॅटिनमसारखे धातू आधीही वापरून पाहिलेले होते. पण ते सोन्यासारखे महाग. निकेल स्वस्त आणि मुबलक. मात्र त्याचे सोवळे कडक! गंधक, क्लोरीन, आर्सेनिक यांचा लवलेश जरी आत शिरला तरी निकेल निकामी होते. रसायनज्ञ याला उत्प्रेरकाला विष चढणे असेच म्हणतात. म्हणून प्रत्येक द्रव्य शुद्ध करून घ्यावे लागे, भुकटी प्रत्येक वेळी ताजी करावी लागे, उष्णता मोजूनमापून द्यावी लागे. उष्णता फार वाढली तर हेच निकेल जोडलेला हायड्रोजन परत काढून घेऊ लागते.

पुढील काळात माय्य या सहकाऱ्याबरोबर साबात्ये यांनी इतर धातू आणि त्यांची भस्मे तपासली. त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एकच मद्यार्क तप्त तांब्यावरून नेला तर त्यातून हायड्रोजन निघून जातो, आणि ॲल्युमिनियमच्या किंवा थोरियमच्या भस्मावरून नेला तर पाणी निघून जाते. द्रव्य एकच, मध्यस्थ बदलला की फळ बदलते. एकाच कणकेची तव्यावर पोळी आणि कढईत पुरी होते, तसाच हा प्रकार. या सर्व अनुभवाचे सार त्यांनी सेंद्रिय रसायनातील उत्प्रेरणावरील आपल्या ग्रंथात १९१३ मध्ये प्रसिद्ध केले. अनेक वर्षे तो ग्रंथ अभ्यासकांना मार्गदर्शक ठरला.

घरचा संसार मात्र सुखाचा राहिला नाही. पत्नी शतक संपण्याआधीच वारली आणि चार मुली मागे राहिल्या. साबात्ये यांनी पुन्हा लग्न केले नाही. ज्या वर्षांत त्यांचे संशोधन ऐन भरात आले, तीच वर्षे घरातील या पोकळीची होती. स्वभावाने ते अबोल आणि काहीसे अलिप्त. बागेची आणि चित्रकलेची आवड असलेले. त्यांची एक कन्या पुढे पोमिलिओ या इटालियन रसायनज्ञाला दिली होती.

१९०७ मध्ये म्वासाँ आणि बर्तलो हे दोघेही पॅरिसमध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने निवर्तले. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागांसाठी साबात्ये यांना बोलावणे आले. फ्रान्समधील कोणत्याही रसायनज्ञाने ज्या खुर्चीसाठी आयुष्य वेचावे, ती चालून आली होती. साबात्ये यांनी नकार दिला. १९०५ पासून ते तुलूजच्या विज्ञान शाखेचे प्रमुख होते आणि तेथे रसायन, वीजतंत्र आणि शेती यांच्या शिक्षणसंस्था उभारण्याच्या खटपटीत होते. आपल्या माणसांत राहून काम करावयाचे, हा त्यांचा निश्चय.

१९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक साबात्ये आणि व्हिक्टर ग्रिन्यार या दोघांत विभागून देण्यात आले. दोघेही फ्रेंच आणि दोघेही पॅरिसबाहेरच्या विद्यापीठांतले. राजधानीबाहेरही विद्या नांदते, हे त्या दिवशी साऱ्या फ्रान्सला मान्य करावे लागले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत पूर्ण सभासद व्हावयाचे तर पॅरिसमध्ये राहिले पाहिजे असा दंडक होता. पुढे बाहेरगावच्या विद्वानांसाठी सहा जागा नव्याने निर्माण झाल्या आणि १९१३ मध्ये त्यांवर पहिली निवड साबात्ये यांची झाली. इंग्लंडच्या रॉयल सोसायटीनेही त्यांना १९१५ मध्ये डेव्ही पदक आणि १९१८ मध्ये रॉयल पदक दिले.

या गौरवाला एक हुरहुर लावणारी बाजू आहे. नळीवर नळी जोडून ज्यांनी वर्षानुवर्षे साबात्ये यांच्या बरोबरीने काम केले, आणि पहिल्या शोधनिबंधांवर ज्यांचे नाव साबात्ये यांच्या नावाशेजारी छापलेले आहे, त्या सांदरांस यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला नाही. १९०५ मध्ये फ्रान्सच्या अकादमीने आपले झेकेर पारितोषिक दोघांना मिळून दिले होते. जगाने मात्र एकालाच ओळखले. साबात्ये यांनी आपल्या नोबेल व्याख्यानात सांदरांस यांच्या सहकार्याचा उल्लेख केला आहे. तरी उल्लेख म्हणजे वाटा नव्हे. संस्था चालविणाऱ्या आपणा सर्वांना हे शल्य कळेल. दहा हातांनी उचललेल्या कामाला एकच हार पडतो, तेव्हा उरलेल्या हातांची आठवण ठेवणे हे हार घालणाऱ्यांचे कर्तव्य असते.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. साबात्ये वाफेवर आणि वायूवर प्रयोग करीत. हीच रीत पातळ तेलांना लावून दाखविली ती विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनज्ञाने. तेलाच्या रेणूंत काही ठिकाणी हायड्रोजनला जागा रिकामी असते. निकेलच्या भुकटीबरोबर तेल तापवून त्यात दाबाखाली हायड्रोजन सोडला की या जागा भरत जातात आणि पातळ तेल थिजू लागते. मग निकेल गाळून काढावयाचे. १९०२ मध्ये नॉर्मन यांनी या कृतीचे पेटंट घेतले. साबण आणि खाद्यस्नेह यांचे मोठे कारखाने या कृतीवर उभे राहिले. आणि हे थिजलेले तेल वनस्पती तूप म्हणून हिंदुस्थानात आले. १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली, मुंबईत शिवडीला कारखाना निघाला, आणि १९३७ पासून डालडा हे नाव घरोघर पोहोचले. लग्नाकार्यातल्या बुंदीपासून दिवाळीच्या शंकरपाळ्यांपर्यंत त्याचा संचार झाला, आणि रिकाम्या डब्यांत पुढे तुळशी आणि सदाफुलीही लागल्या.

साजूक तुपात त्याची भेसळ होऊ लागली तेव्हा महात्मा गांधींनीही त्याविरुद्ध लिहिले. भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात ठरावीक प्रमाणात तिळाचे तेल घालण्याची सक्ती सरकारने केली. कारण तिळाचे तेल असले की हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर यांच्या योगाने गुलाबी रंग उमटतो आणि चोरी उघडी पडते.

दुसरा दोष ध्यानात यावयास बराच काळ लागला. हायड्रोजन अर्धवट जोडला गेला तर तेलातील काही रेणूंची ठेवण बदलते आणि ट्रान्स मेद तयार होतात. १९९० नंतरच्या संशोधनाने दाखवून दिले की, हे मेद रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवितात, चांगले कमी करतात, आणि हृदयाला घातक ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कारखानी ट्रान्स मेद हद्दपार करण्याची हाक दिली, आणि आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून तेले व स्नेहपदार्थांत त्यांचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम लागू झाला. याचा ठपका साबात्ये यांच्यावर ठेवणे न्यायाचे होणार नाही. त्यांनी किल्ली घडविली, कोणते दार उघडावयाचे हे इतरांनी ठरविले. पण विकत आणलेल्या खाऱ्या बिस्किटांच्या किंवा फरसाणाच्या पुड्यावर अंशतः हायड्रोजन जोडलेल्या तेलाचा उल्लेख आहे काय, हे वाचून पाहण्याचे काम आपलेच आहे.

त्याच विद्येने दुसरीकडे मोठा उपकारही केला आहे. आकाशात फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर २०१० मध्ये एक यंत्र नेण्यात आले. अंतराळवीरांनी सोडलेल्या श्वासातील कार्बन डायॉक्साइड वायूवर हायड्रोजनची क्रिया करून त्यातून पाणी मिळविणारे हे यंत्र. १९०२ मध्ये तुलूजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत घडविलेली क्रिया ती हीच.

साबात्ये १९३० मध्ये निवृत्त झाले, तरी त्यानंतरही ते तुलूजला व्याख्याने देत राहिले. १४ ऑगस्ट १९४१ रोजी, फ्रान्स पराभवाच्या छायेत असताना, त्याच शहरात त्यांचे देहावसान झाले. पुढे तेथील विज्ञान विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आणि अनेक वर्षे ते त्याच नावाने ओळखले गेले.

चाळिशीनंतर नवा विषय हाती घेता येतो, मोठे काम करावयास मोठे शहरच लागते असे नाही, आणि इतरांनी काजळी म्हणून सोडून दिले त्यातही पाहणाऱ्याला काही सापडते, एवढे तरी या चरित्रावरून दिसते. आपल्यापैकी कितीतरी जणी मुलेबाळे हाताशी आल्यावर प्रथमच स्वतःसाठी काही शिकू पाहत आहेत. मंडळाच्या वर्गात येऊन बसताना त्यांनी वयाचा संकोच करू नये, इतकेच शेवटी सांगावेसे वाटते.